रुंद नको, अरुंद द्या!
कॅनडातला हिवाळा, गाडीचे टायर आणि शोरूमच्या उलट चालणारा हिशेब

शोरूममधल्या गाडीची श्रीमंती चाकांवरून कळते. खालच्या मॉडेलला १७ इंची रिम, मधल्याला १८, टॉप मॉडेलला १९. रिम वाढत जाते तसा टायर रुंद आणि चपटा होत जातो, रबर कमी दिसतं आणि चकचकीत धातू जास्त. विक्रेता त्याला ‘स्पोर्टी’ म्हणतो आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. कॅनडात ही मिजास सहा-सात महिने चालते. नोव्हेंबर लागला की तीच गाडी टायरच्या दुकानात उभी राहते आणि काउंटरवरचा माणूस नेमका उलटा सल्ला देतो. रिम लहान घ्या, टायर अरुंद घ्या, वेगाचं अक्षर खालचं असलं तरी चालेल, आणि दिसण्याचं म्हणाल तर चार महिने चाकांवर चिखल आणि मीठच दिसणार आहे.

टोरंटोच्या आसपास मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन, ओकव्हिल या शहरांत गेल्या काही वर्षांत मराठी घरं चांगलीच वाढली आहेत. दसऱ्याला गाडीला हार घालून झाला की दिवाळीच्या फराळाबरोबर घराघरांत टायरची चर्चा सुरू होते. नव्याने आलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. ऑल-सीझन आहेत की, मग वेगळे कशाला? गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, तरी लागतात का? पुढचे दोनच बदलले तर? आणि रिमसुद्धा वेगळ्या घ्यायच्या? एवढा खर्च? पुण्या-मुंबईत टायर घासून गोटा होईपर्यंत ज्यांनी त्याच्याकडे पाहिलेलं नसतं, त्यांना दोन ऋतूंचे दोन संच ही चैन वाटली तर नवल नाही. पण आपण टायर नक्षीवरून पारखतो आणि थंडीचा टायर रबरावरून पारखायचा असतो. सगळी गफलत तिथेच होते.

सात अंशांची रेघ

हिवाळी टायर बर्फासाठी असतो हे अर्धसत्य आहे. तो आधी थंडीसाठी असतो. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर ताठर व्हायला लागतं. रस्ता कोरडा असला, बर्फाचा कण नसला तरीही. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, तसंच काहीसं रबराचं होतं. एका तापमानापर्यंत ते लवचिक असतं, मग हळूहळू काचेच्या स्वभावाकडे झुकतं. टायरची पकड रबराच्या लवचिकपणावर असते. रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात रबर दबलं, त्याच्या खाचाखोचांत शिरलं तर गाडी धरून राहते. ताठर रबर वरवर घसरतं.

हिवाळी टायरच्या मिश्रणात म्हणून नैसर्गिक रबराचं प्रमाण वाढवतात, सिलिका घालतात आणि थंडीतही मऊपणा टिकेल असं बाकीचं प्रमाण बसवतात. हाच मऊपणा उन्हाळ्यात अंगाशी येतो. जुलैच्या तापलेल्या डांबरावर हे टायर भराभर झिजतात, वळणावर लिबलिबतात आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त जागा घेतात. वर्षभर हिवाळी टायर ठेवून मोकळं व्हावं, ही युक्ती म्हणूनच महागात पडते.

दुसरी करामत नक्षीत आहे, पण तीही डोळ्यांत भरणाऱ्या खोल चरांत नाही. प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या नागमोडी चिरा असतात. त्यांना साइप म्हणतात. जॉन साइप नावाच्या अमेरिकन माणसाने १९२३ मध्ये याचं पेटंट घेतलं. तो कत्तलखान्यात काम करायचा आणि ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून त्याने बुटाच्या तळव्याला अशा चिरा पाडल्या, असं सांगतात. चाक फिरताना चिरा उघडतात, त्यांच्या शेकडो कडा बर्फाला ओरबाडतात आणि मोकळा बर्फ त्यांत अडकून बसतो. हा अडकलेला बर्फ उपयोगाचा असतो, कारण बर्फावर बर्फ रबरापेक्षा चांगला धरतो. हिवाळी टायर पांढराफटक दिसला तर तो त्याचं काम करतो आहे असं समजावं.

कडक बर्फाचं, म्हणजे गोठलेल्या पाण्याचं, दुखणं वेगळं आहे. उणे २० अंशांपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा असतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो. कडाक्याच्या थंडीत गाडी नीट चालवणारा माणूस थोडं ऊन पडल्या दिवशी चौकात घसरतो तो यामुळे. हा थर शोषून घेण्यासाठी ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये जपानात ब्लिझॅक टायर आणला. त्याच्या रबरातच सूक्ष्म छिद्रं असतात.

हिशेब मांडून पाहिला की फरक कळतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, घर्षणांक ०.८ धरला तर, ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर घर्षणांक ०.३ धरला तर ३३ मीटर लागतात. गुळगुळीत बर्फावर तो ०.१ धरला तर ९८ मीटर. आता टायरने ०.१ चे ०.१५ केले, एवढीच सुधारणा समजा. अंतर ९८ वरून ६५ मीटरवर येतं. ते ३३ मीटर म्हणजे सात-आठ गाड्यांची रांग. ऑल-व्हील ड्राइव्हचा या हिशेबात कुठे संबंधच येत नाही. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी सिग्नलवरून झटकन निघते, पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. उलट सहज निघणारी गाडी रस्ता किती निसरडा आहे हे चालवणाऱ्यापासून लपवते.

दोनच टायर बदलण्याची काटकसर तर धोक्याचीच. पुढची चाकं धरून ठेवतात, मागची सुटतात आणि वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. कॅनडाचं वाहतूक खातंही चारही टायर सारखे असावेत असंच सांगतं.

कायदा क्वेबेकचा, सवलत ऑन्टारिओची

कॅनडा एक देश असला तरी टायरच्या बाबतीत प्रांतागणिक नियम वेगळे. क्वेबेकने २००८ च्या हिवाळ्यापासून सक्ती केली. सुरुवातीला मुदत १५ डिसेंबर ते १५ मार्च होती, २०१९ पासून ती १ डिसेंबरला सुरू होते. प्रांतात नोंदणी असलेल्या गाडीवर या काळात हिवाळी टायर नसतील तर दंड २०० ते ३०० डॉलर. ब्रिटिश कोलंबियात डोंगरी घाटांच्या रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून ते लागतात. व्हँकुव्हरचा माणूस गावात पावसात फिरत असला तरी घाट चढायचा तर त्याला नियम लागू.

ऑन्टारिओत सक्ती नाही, आमिष आहे. १ जानेवारी २०१६ पासून तिथल्या प्रत्येक विमा कंपनीने हिवाळी टायर लावणाऱ्याला हप्त्यात सूट दिलीच पाहिजे, असा नियम आहे. सूट फार मोठी नसते, पाच टक्क्यांपर्यंत. पण ती दर वर्षी मिळते आणि मागितली तरच मिळते. नव्याने आलेल्या घरांत विम्याचे हप्ते डोळे पांढरे करणारे असतात. तिथे हे पाच टक्केही टायरच्या किमतीतून वजा धरायला हरकत नाही.

खिळे ठोकलेले टायर हा आणखी एक पर्याय. नक्षीत बसवलेले धातूचे छोटे खिळे कडक बर्फात रुततात. उत्तर ऑन्टारिओत ते चालतात, दक्षिणेत, म्हणजे टोरंटोच्या पट्ट्यात, बंदी. कारण उघड्या डांबरावर हेच खिळे रस्ता कुरतडतात. जपानने याची किंमत मोजली. सेंडाई आणि सप्पोरो या शहरांत १९८० च्या दशकात हिवाळा संपता संपता हवेत डांबराच्या धुळीचे लोट असायचे. लोकांनी आवाज उठवला आणि १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदा झाला. बिनखिळ्याचे, तरीही बर्फावर धरणारे टायर बनवण्याची चढाओढ त्या दबावातून वाढली. आज टोरंटोतला माणूस जो टायर घेतो, त्यामागे सेंडाईच्या रहिवाशांचा खोकलाही आहे.

डोंगरावरचा हिमकण काय सांगतो

टायरच्या कडेवर बारीक अक्षरांची गर्दी असते. त्यातलं एक चिन्ह आधी शोधायचं. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. क्वेबेकचा कायदा याच चिन्हावर चालतो. नुसतं ‘एम+एस’ लिहिलेलं असेल तर ते चिखल आणि बर्फ यांच्या नावाने केवळ नक्षीच्या रचनेविषयी आहे. त्यामागे बर्फावरची कोणतीही चाचणी नसते. गाडीबरोबर येणाऱ्या बहुतेक ऑल-सीझन टायरवर हे असतं, आणि ‘सीझन’ या शब्दावर विसंबून माणूस जानेवारीत फसतो.

हिमकणाचं चिन्हही सगळं सांगत नाही. त्यासाठीची मूळ अमेरिकन चाचणी दाबलेल्या बर्फावर टायर किती ओढ देतो एवढंच मोजते. ठरावीक संदर्भ टायरच्या तुलनेत निदान दहा टक्के जास्त मिळाली की चिन्ह मिळतं. कडक बर्फावर गाडी किती लवकर थांबते, हे त्यात नाही. युरोपात मे २०२१ पासूनच्या टायरच्या लेबलवर त्यासाठी वेगळं चिन्ह आलं, बर्फाच्या सुळक्याचं.

म्हणून एकच हिमकण मिरवणारे तीन वेगळ्या जातींचे टायर बाजारात असतात. पहिली जात ऑल-वेदर. ही ऑल-सीझनची पुढची पायरी. वर्षभर चालते, क्वेबेकच्या कायद्यातही बसते. दुसरी मध्य युरोपची हिवाळी जात. थंड, ओला, बहुतेक मोकळा रस्ता आणि जर्मन हायवेचा वेग हे तिचं माहेर. तिसरी उत्तरेची, सर्वांत मऊ, बिनखिळ्याची. मिशेलिन एक्स-आइस, ब्लिझॅक, नोकियनची हाक्कापेलिट्टा आर ही मंडळी इथली. यातलं नोकियन हे घराणं जुनं. पहिला हिवाळी टायर १९३४ मध्ये या फिनिश कंपनीने ट्रकसाठी काढला आणि १९३६ मध्ये मोटारीसाठी हाक्कापेलिट्टा. मधल्या, युरोपीय जातीत एक भारतीय धागा सापडतो. नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन ही जुनी कंपनी २००९ मध्ये अपोलो टायर्सने विकत घेतली, आणि तिचे विंट्रॅक टायर कॅनडातल्या दुकानांतही दिसतात.

निवड मग ब्रँडवर कमी आणि आपल्या रस्त्यावर जास्त ठरते. टोरंटो शहरात राहणारा, ट्रेनने कामाला जाणारा, हिमवादळाच्या दिवशी घरून काम करू शकणारा माणूस चांगल्या ऑल-वेदरवर निभावून नेईल. टोरंटोहून उत्तरेला बॅरीच्या दिशेने हायवे ४०० ने रोज जाणाऱ्याची गोष्ट निराळी. जॉर्जियन बेवरून येणारा वारा तिथे काही मिनिटांत समोरचा ट्रक दिसेनासा करतो. पहाटे पाचला शिफ्टला निघणारी नर्स बर्फ हटवणारा नांगर फिरायच्या आधी रस्त्यावर असते. या दोघांनी तिसऱ्या जातीकडेच जावं. ओटावा आणि मॉन्ट्रियल इथे तर प्रश्नच नको.

रिमचं गणित

आता रिम. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर उतरवणं-चढवणं शक्य आहे, पण दर वेळी टायरची कड लोखंडी पट्टीने ओढली जाते, बॅलन्सिंग नव्याने करावं लागतं आणि मजुरी वाढते. रिमसकट तयार संच असेल तर नुसते नट काढायचे आणि चाक बदलायचं. दोन्ही दरांत सहसा दुपटीच्या आसपास फरक असतो. एक संच चार-पाच हिवाळे चालला तर रिमची किंमत बरीचशी या मजुरीतूनच निघते. शिवाय उन्हाळ्याच्या महागड्या अलॉय मिठापासून वाचतात.

शोरूमच्या उलट जाण्याचा मुद्दा इथे येतो. एखाद्या मध्यम एसयूव्हीला २३५/५५ आर १९ टायर आहेत असं धरा. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी, तिसरा रिमचा व्यास इंचांत. गणित केलं की पूर्ण चाकाचा व्यास ७४१ मिलिमीटर येतो. त्याऐवजी २३५/६५ आर १७ घेतला तर ७३७. फरक अर्ध्या टक्क्याचा, स्पीडोमीटरला त्याची दखलही नाही. पण रबराची भिंत १२९ मिलिमीटरवरून १५३ वर गेली. मार्चमध्ये रस्ते फुटतात. पाणी भेगेत शिरून गोठतं, फुगतं, वितळतं, आणि डांबराचे तुकडे निघतात. अशा खड्ड्यात चपटा टायर आपटला की रिम वाकते किंवा टायरच्या कडेला फुगा येतो. उंच भिंत तो दणका पिते. लहान आकाराचे टायर सहसा स्वस्तही असतात.

अरुंदपणाचंही असंच. रुंद टायर भुसभुशीत बर्फावर आणि मिठाच्या चिखलावर तरंगायला बघतो, अरुंद टायर तो कापत खाली डांबरापर्यंत जातो. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर किंवा मालकाच्या पुस्तकात जी मापं दिली असतात, त्यांतलं सर्वांत अरुंद आणि लहान माप हिवाळ्यासाठी बघावं. त्याच्या खाली जायचं नाही. पुढच्या ब्रेकचा कॅलिपर रिमच्या आत मावला पाहिजे. म्हणून १७ चालतं तिथे १६ चालेलच असं नाही. भाराचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको, इलेक्ट्रिक गाडीला तर मुळीच नको, कारण बॅटरीचं वजन तिथे येतं. वेगाचं अक्षर मात्र खाली आलं तर बिघडत नाही. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. बर्फात एवढा वेग कुणाला हवा आहे?

रिम बसते की नाही हे चार गोष्टींवर ठरतं. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास: अनेक जपानी-कोरियन गाड्यांना पाच नट, ११४.३ मिलिमीटर. मधलं भोक: टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना ६०.१, होंडाला ६४.१. बाजारातल्या रिमचं भोक मोठं असेल तर मध्ये प्लास्टिकची किंवा धातूची रिंग घालावी लागते, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. तिसरी ऑफसेट, म्हणजे चाक आत-बाहेर किती बसतं ते. चौथी गोष्ट लोक विसरतात: नटाचं बूड. होंडाचा मूळ नट खाली गोल असतो, बाजारातल्या बहुतेक रिमना निमुळता लागतो. चुकीचा नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण त्याचा स्पर्श कडेपुरताच असतो आणि तो सैल होत जातो.

लोखंडी रिम घ्यावी की अलॉय? लोखंडी स्वस्त, जड, दिसायला काळी आणि गंजणारी. खड्ड्यात वाकली तर बरेचदा ठोकून सरळ होते. अलॉय हलकी, पण तिच्यावरचा लेप एकदा फुटला की मीठ आत शिरतं, टायर बसतो ती कड खरखरीत होते आणि हवा हळूहळू गळते. हिवाळ्यासाठी खास लेप दिलेल्या साध्या अलॉय मिळतात, त्या चालतील. चकचकीत क्रोमच्या मात्र नकोत.

हवेच्या दाबाचे सेन्सर हा शेवटचा खर्च. दुसऱ्या संचात ते घातले नाहीत तर अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर हिवाळाभर पिवळा दिवा लागून राहतो. पैसे वाचवण्यासाठी काही जण दिव्याकडे दुर्लक्ष करतात. पण थंडीत दाब पाहायची गरज जास्त असते. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३५ पीएसआय भरलेला टायर उणे २० मध्ये २८ वर येतो. सेन्सर नसतील तर महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, हाताने गेज लावलाच पाहिजे.

दुकानाच्या आत

ब्रॅम्प्टनमधल्या एका टायरच्या दुकानात नोव्हेंबरच्या सकाळी आत उभं राहिलं की हा सगळा हिशेब हातांनी होताना दिसतो. काउंटरवर पंजाबी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात. लिफ्टवर चढवलेल्या गाडीचे नट निघाले, तरी चाक सुटत नाही. अलॉय आणि लोखंडी हब यांच्यामध्ये मिठाच्या पाण्याने गंज धरून ते चिकटलं आहे. मेकॅनिक खालून, आतल्या बाजूने, टायरवर रबरी हातोड्याचे दोन ठोके देतो, चाक फिरवतो, पुन्हा दोन. मग खट् आवाज होऊन ते हातात येतं. तो हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासतो. लाल भुकटी खाली सांडते. गंजाचा एक कण राहिला तरी नवं चाक सपाट बसणार नाही आणि पन्नास किलोमीटरनंतर नट सैल पडतील, असं तो सांगतो. हबला वंगणाचा पातळ हात. नटांच्या आट्यांना मात्र थेंबही नाही.

नट आधी बोटांनी फिरवून बसवतो. मग समोरासमोरचे, एकाआड एक. गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंच. पुस्तकात दिलेला आकडा लावायचा, कट् झालं की थांबायचं. घाईच्या दिवशी न्यूमॅटिक गनने सगळं आवळून देणारी दुकानंही आहेत. तिथे नट कधी कमी पडतात, कधी इतके आवळले जातात की ब्रेकची डिस्क वाकडी बसते. बिलावर शिक्का मारलेला असतो: १०० किलोमीटरनंतर येऊन नट तपासून घ्या. फुकट असतं, तरी परत येणारे थोडेच, असं काउंटरवरचा माणूस म्हणतो.

जुना संच घेताना

नव्याने आलेले विद्यार्थी आणि घरं बहुधा वापरलेला संच शोधतात. कुणी गाडी विकली, कुणी दुसऱ्या प्रांतात गेलं, त्यांचे टायर बेसमेंटमध्ये पडून असतात. असा संच वाईट नसतो, फक्त तीन गोष्टी पाहाव्यात. डीओटी या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे: ३५२२ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी वर्षांबरोबर कडक होत जातं, म्हणून नक्षी खोल असली तरी आठ-दहा वर्षांचा हिवाळी टायर सोडून द्यावा. दुसरं, चरांची खोली. कायद्याने साधारण १.६ मिलिमीटर पुरतात, पण कॅनडाचं वाहतूक खातं ४ मिलिमीटरच्या जवळ आलेले टायर बर्फात नकोत असं सांगतं. काही टायरमध्ये खास मऊ थर वरच्या भागातच असतो. तो झिजला की खाली साधं रबर उरतं. तिसरं, चारही टायर एकाच जातीचे आणि एकसारखे झिजलेले आहेत ना.

वसंतात घाई नको. सकाळचं तापमान सात अंशांच्या वर स्थिर झालं की संच उतरवावा, धुऊन मीठ काढावं, कुठलं चाक कुठे होतं ते खडूने लिहावं आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवावं.

पैसे सगळ्यांकडे सारखे नसतात, आणि या देशात पहिली दोन वर्षं तर नसतातच. तेव्हा कुठे कात्री लावायची ते ठरवून घ्यावं. रिम लोखंडी घ्या, वापरलेली घ्या, ओरखडे असलेली घ्या. आकार एक-दोन इंच खाली आणा, वेगाचं अक्षर खाली आणा, नावाजलेल्या कंपनीच्या मागच्या वर्षीच्या मॉडेलवर समाधान माना. शोरूममध्ये ज्या-ज्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजले, तिच्यासाठी इथे कमी मोजले तरी गाडी तितकीच नीट थांबते. रबराच्या जातीत आणि वयात मात्र तडजोड करू नका. रस्त्याला टेकलेली असते ती तेवढीच, प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढी जागा.